इतिहासाच्या तासाला चित्रपट

आपल्या शाळांतून इतिहास हा बहुधा पाठांतराचा विषय म्हणून शिकवला जातो. सनावळी, लढाया, तह, कारणे आणि परिणाम एवढे तोंडपाठ झाले की परीक्षेपुरते काम भागते. चित्रपट हा करमणुकीचा विषय मानला जातो, आणि कित्येक घरांत तर तो मुले बिघडवणारा विषय मानला जातो. त्यामुळे इतिहासाच्या तासाला चित्रपट दाखवावा असे कोणी सुचवले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. अभ्यास सोडून शाळेने आता सिनेमे दाखवायला सुरुवात केली काय, असे ते विचारतात. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे शिक्षकांचे कर्तव्य आहे.

वस्तुस्थिती अशी की आपल्या मुलांच्या मनातला इतिहास बराचसा पडद्यावरूनच आलेला असतो. बादशहा कसा बोलत होता, इंग्रज अधिकारी कसा चालत होता, लढाई कशी झाली, कोण शूर आणि कोण दगलबाज, याची चित्रे मुलांच्या मनात धडा वाचण्यापूर्वीच तयार झालेली असतात. पूर्वी त्यासाठी जत्रेतल्या तंबूत किंवा गावच्या टॉकीजमध्ये जावे लागे. आज चित्रपट खिशातल्या मोबाईलवर येऊन बसला आहे. तेव्हा मुलाने चित्रपट पाहावा की नाही, हा प्रश्न आता आपल्या हाती राहिलेला नाही. त्याने तो एकट्याने, पाहील ते खरे मानून पाहावा, की शिक्षकांबरोबर बसून, प्रश्न विचारीत पाहावा, एवढेच आपण ठरवू शकतो.

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या अभ्यासक्रमानेही ही गोष्ट ओळखली. २०१८ साली आलेल्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखनाची परंपरा, प्रसारमाध्यमे आणि इतिहास, मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास असे धडे घालण्यात आले. म्हणजे दार उघडले गेले आहे. आत पाऊल कसे टाकावे, हे एका चित्रपटाच्या उदाहरणाने या लेखात मांडण्याचा विचार आहे. हा चित्रपट म्हणजे ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’. १९६६ सालचा हा कृष्णधवल चित्रपट इटालियन दिग्दर्शक जीलो पोंतेकोर्वो यांचा आहे. तो निवडण्याचे कारण असे की त्यात एका गुलाम केलेल्या मुसलमान देशाचा स्वातंत्र्यलढा आहे. साहजिकच आपले मन पहिल्या दृश्यापासून एका बाजूला झुकते. मन झुकलेले असताना डोके ताळ्यावर ठेवणे, हेच तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकायचे असते.

अल्जीरियाची हकीकत

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. उत्तर आफ्रिकेतील अल्जीरियावर फ्रान्सने १८३० साली स्वारी केली. पुढे १८४८ मध्ये त्याचा किनाऱ्यालगतचा प्रदेश कायद्याने फ्रान्सचाच भाग ठरवण्यात आला. युरोपातून आलेल्या लोकांना उत्तम जमिनी मिळाल्या आणि मूळ रहिवासी डोंगराळ, नापीक भागाकडे ढकलले गेले. १९५० नंतरच्या सुमारास तेथे सुमारे दहा लाख युरोपीय होते आणि मुसलमान त्यांच्या आठ-नऊ पट होते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला १२० सभासदांची विधानसभा दिली. परंतु त्यातील ६० जागा एका मतदारगटाच्या आणि ६० दुसऱ्याच्या. पहिला गट मुख्यत्वे युरोपीयांचा, दुसरा मुसलमानांचा. नऊ माणसांचे मत आणि एका माणसाचे मत एकाच तागडीत समान तोलले गेले. याला लोकशाही म्हणायचे काय, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या दहा व्याख्यांपेक्षा अधिक शिकवून जातो.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने सशस्त्र लढा सुरू केला. ५ जुलै १९६२ रोजी अल्जीरिया स्वतंत्र झाला. या आठ वर्षांपैकी मुख्यतः १९५६ आणि १९५७ या दोन वर्षांत राजधानी अल्जियर्समध्ये काय घडले, ते हा चित्रपट सांगतो. शहराच्या जुन्या मुसलमान वस्तीला तेथे ‘कसबा’ म्हणतात. अरबीतून आलेला हा शब्द आपल्या गावोगावीही आहेच. अरुंद बोळ, पायऱ्या, एकमेकांना टेकलेली घरे असा हा कसबा. त्यात अली नावाचा एक रस्त्यावरचा भुरटा तरुण तुरुंगात जातो, तेथे गिलोटिनखाली एका देशबांधवाचा शिरच्छेद होताना पाहतो आणि बाहेर येऊन लढ्यात सामील होतो. पोलिसांवर हल्ले होतात. १० ऑगस्ट १९५६ च्या रात्री युरोपीय अतिरेकी कसब्यातल्या एका गल्लीत बॉम्ब ठेवतात आणि झोपलेली कुटुंबे ढिगाऱ्याखाली गाडली जातात. त्यानंतर ३० सप्टेंबर रोजी तीन अल्जीरियन तरुणी युरोपीय वेश करून, टोपल्या-पिशव्यांतून बॉम्ब घेऊन, युरोपीय वस्तीत जातात. जानेवारी १९५७ मध्ये जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी सैनिकांच्या हाती शहर सोपवले जाते. आठ दिवसांचा हरताळ, घराघरांची झडती, पकडलेल्यांचा छळ आणि त्यातून एकेक दुवा जोडत शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये अलीच्या लपण्याच्या जागेपर्यंत सैन्य पोचते. ते घर सुरुंग लावून उडवले जाते. लढाई फ्रान्स जिंकतो. पण चित्रपट तेथे संपत नाही. डिसेंबर १९६० मध्ये त्याच कसब्यातून हजारो माणसे झेंडे घेऊन बाहेर पडतात, आणि युद्ध कोण जिंकणार हे स्पष्ट होते.

साक्षीदाराची उलटतपासणी

आता विद्यार्थ्यांचे खरे काम सुरू होते. न्यायालयात साक्षीदार उभा राहतो तेव्हा वकील त्याला आधी विचारतो, तू कोण, त्या वेळी कोठे होतास, तुझा या प्रकरणाशी संबंध काय? इतिहासावरचा चित्रपट हाही एक साक्षीदार आहे. तो न्यायाधीश नव्हे. त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. थोर इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ साली आपला ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ लिहिला तो एका एकाकी गढीत बसून. ती गढी ज्या प्रदेशात होती तो आजचा अल्जीरियाच होय. पूर्वीच्या इतिहासकारांनी ऐकलेल्या हकिकती न पारखता उतरवून घेतल्या, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. एखाद्या प्राचीन सैन्यात सहा लाख माणसे होती असे कोणी लिहिले, तर इब्न खल्दून विचारतात, एवढे सैन्य त्या भूमीत मावेल काय, त्याला अन्न कोठून मिळेल, त्याच्या एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल काय? सहाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्नकर्ता आज आपल्या वर्गात बसला असता, तर त्याने पडद्यावरच्या हकिकतीलाही हेच विचारले असते.

पहिला प्रश्न असा: हा चित्रपट कोणी, केव्हा आणि कोणाच्या मदतीने काढला? त्याचे चित्रीकरण १९६५ साली, स्वातंत्र्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, प्रत्यक्ष अल्जियर्समध्ये झाले. सहनिर्माते यासेफ सादी हे लढ्याच्या काळात अल्जियर्समधील लष्करी संघटनेचे प्रमुख होते. सप्टेंबर १९५७ मध्ये ते पकडले गेले. तुरुंगात त्यांनी आठवणी लिहिल्या, आणि त्या आठवणी या चित्रपटामागे आहेत. एवढेच नव्हे, तर चित्रपटात स्वतःच्याच जीवनावर बेतलेली भूमिका त्यांनी स्वतः केली आहे. म्हणजे हा साक्षीदार प्रत्यक्षदर्शी आहे. त्याने बोळ न् बोळ पाहिला आहे. परंतु तो पक्षकारही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिलीमुळे त्याची साक्ष मोलाची ठरते आणि दुसरीमुळे ती तपासून घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न: जे खरे वाटते ते खरेच आहे काय? हा चित्रपट पाहताना आपण जुने वृत्तपट पाहत आहोत असे वाटते. चित्र मुद्दाम खरबरीत ठेवले आहे. कॅमेरा गर्दीत धक्के खात हिंडतो. अलीचे काम करणारा ब्राहीम हग्गियाग हा नट नव्हता. दिग्दर्शकाला तो अल्जियर्सच्या बाजारात भेटला. प्रमुख भूमिकांत व्यावसायिक नट एकच, फ्रेंच कर्नलचे काम करणारे ज्याँ मार्तँ. या चित्रपटात वृत्तपटाचा एक फूटही तुकडा वापरलेला नाही, अशी सूचना अमेरिकेत तो दाखवताना द्यावी लागली. अस्सलपणाचा हा भास निर्माण करता येतो, हे विद्यार्थ्यांना एकदा उमगले की पुढे आयुष्यभर कोणतीही हलणारी चित्रे पाहताना ते सावध राहतात. हा कर्नल माथ्यू तर इतिहासात नावाने सापडतच नाही. अनेक खऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांचे गुण-अवगुण एकत्र करून ते पात्र घडवले आहे. चित्रपटातले कोणते पात्र खरे, कोणते जुळवलेले आणि कोणते कल्पित, याची यादी मुलांनी ग्रंथालयात बसून करावी. त्या एका यादीत इतिहासाच्या चार तासांचा अभ्यास होतो.

तिसरा प्रश्न: पाहताना माझ्या मनाचे काय झाले? कसब्यात बॉम्ब फुटल्यावर आपला संताप होतो आणि बदला घेतला जावा असे मन म्हणू लागते. मग त्या तरुणी टोपल्या घेऊन निघतात. आपण श्वास रोखून त्यांच्या बाजूने असतो. सैनिकांच्या चौकीतून त्या सुटल्या की हायसे वाटते. आणि नंतर दिग्दर्शक कॅमेरा त्या उपाहारगृहात बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर फिरवतो. त्यात आइस्क्रीम खाणारे एक लहान मूल असते. टाळी वाजवायला उचललेला हात येथे थांबतो. दोन्हीकडच्या मृतांसाठी चित्रपटात एकच शोकसंगीत वाजते. ज्यांचा लढा न्याय्य आहे त्यांच्या हातूनही निरपराध मूल मारले जाऊ शकते, आणि मारले गेले तर ते कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही, हे शाळकरी वयातच समजले पाहिजे. त्याचबरोबर ज्या राज्याने सव्वाशे वर्षे लोकांना मताचा समान हक्क नाकारला, त्याने मग छळाचा आधार घेतला, हेही समजले पाहिजे. एक अन्याय पुढे करून दुसरा झाकता येत नाही. हा धडा व्याख्यानाने मनात उतरत नाही. त्या मुलाच्या चेहऱ्याने उतरतो.

चित्रपट जे सांगत नाही

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे: साक्षीदाराने काय सांगायचे टाळले? या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात मिळत नाही. त्यासाठी पुस्तकेच उघडावी लागतात. म्हणूनच चित्रपट हा पुस्तकाचा शत्रू नाही, तो पुस्तकाकडे नेणारा रस्ता होऊ शकतो.

पुस्तके सांगतात की मुक्ती आघाडीचा झगडा केवळ फ्रान्सशी नव्हता. मेसाली हाज हे अल्जीरियन राष्ट्रवादाचे जुने पुढारी. त्यांचे अनुयायी आणि आघाडीचे लोक यांच्यातही रक्तपात झाला. मे १९५७ मध्ये मेलूझा भागातील सुमारे तीनशे गावकरी, मेसालींचे पक्षपाती म्हणून, आघाडीच्या सैनिकांनी मारले. आघाडीचे एक बुद्धिमान नेते अब्बान रमदान यांना तर त्यांच्याच सहकाऱ्यांनी डिसेंबर १९५७ मध्ये मोरोक्कोत नेऊन ठार केले. यातले काहीही पडद्यावर नाही. खेड्यापाड्यांतले युद्ध आणि फ्रेंच सैन्याने गावे उठवून छावण्यांत कोंबलेले सुमारे वीस लाख शेतकरी हेही पडद्यावर नाहीत, कारण चित्रपटाने शहर निवडले. चित्रीकरण झाले त्याच १९६५ च्या जून महिन्यात स्वतंत्र अल्जीरियाचे पहिले अध्यक्ष बेन बेला यांना कर्नल बूमेदिएन यांनी लष्करी बळाने पदच्युत केले. एकजुटीने लढणाऱ्या राष्ट्राचे चित्र पडद्यावर उभे राहत होते, तेव्हा प्रत्यक्षात सत्ता कोणाची यावर भाऊबंदकी चालली होती.

मुलींनी आणखी एक प्रश्न विचारावा. लढ्यात स्त्रियांनी प्राण पणाला लावले, ते चित्रपटाने दाखवले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या वाट्याला काय आले? १९८४ साली तेथे जो कुटुंबविषयक कायदा झाला, त्याने विवाह, घटस्फोट आदी बाबतींत स्त्रीचे हक्क पुरुषापेक्षा उणे ठेवले, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत स्वातंत्र्यलढ्यातल्या स्त्रियाही होत्या. स्वातंत्र्य मिळाले म्हणजे सर्वांना सारखे मिळते असे नाही, हा राज्यशास्त्राचा मोठा धडा येथे सापडतो.

आता दुसऱ्या बाजूचे मौन पाहा. लार्बी बेन म्हीदी हे आघाडीच्या संस्थापकांपैकी एक. फेब्रुवारी १९५७ मध्ये ते पकडले गेले. चित्रपटात पत्रकार त्यांना विचारतात, स्त्रियांच्या टोपल्यांतून बॉम्ब पाठवणे हा भ्याडपणा नाही काय? ते उत्तर देतात, की तुमची बॉम्बफेकी विमाने आम्हाला द्या आणि आमच्या टोपल्या तुम्ही घ्या. त्यानंतर लवकरच, बंदी असताना त्यांनी आत्महत्या केली, असे सैन्याने जाहीर केले. कित्येक वर्षे कागदोपत्री तेच राहिले. २००१ मध्ये जनरल ओसारेस यांनी आपल्या पुस्तकात कबूल केले, की बेन म्हीदी यांना आपणच मारविले. आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे लढा सुरू झाल्याच्या सत्तराव्या वर्षदिनी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी ही हत्या फ्रेंच सैनिकांनी केल्याचे अधिकृतपणे मान्य केले. ‘युद्ध’ हा शब्दसुद्धा फ्रान्सने कायद्याच्या भाषेत १९९९ साली मान्य केला. तोवर अल्जीरियातल्या त्या आठ वर्षांना सरकारी कागदांत सुव्यवस्था राखण्याची कारवाई म्हणत असत. इतिहास एकदा लिहून संपत नाही. १९६६ च्या चित्रपटाला जे सिद्ध करता आले नव्हते, ते २००१ व २०२४ ने पुरे केले. सनावळी पाठ करणाऱ्या मुलालाही अशा सनावळीत रस वाटेल.

या चित्रपटाचे पुढचे आयुष्यही अभ्यासण्यासारखे आहे. १९६६ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि फ्रेंच प्रतिनिधींनी निषेध केला. फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षे लोकांना पाहता आला नाही. उलट २००३ च्या ऑगस्टमध्ये, इराक व्यापल्यानंतर, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी तो मुद्दाम दाखवला. लढाई जिंकूनही विचारांचे युद्ध कसे हरले जाते, हा त्या वेळचा विषय होता. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी जो चित्रपट प्रेरणा म्हणून पाहिला, तोच लष्करी अधिकाऱ्यांनी पाठ म्हणून पाहिला. चित्रपट एकच, पाहणारे निराळे.

आपल्या बाजूचा चित्रपट

ही पद्धत एका चित्रपटापुरती नाही. रशियाचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा १९२५ चा आयझेनस्टाइन यांचा चित्रपट १९०५ च्या नाविक बंडावर आहे. ओडेसाच्या भव्य पायऱ्यांवर सैनिक गोळ्या झाडत उतरतात, ते दृश्य जगभर प्रसिद्ध आहे. शहरात त्या दिवसांत माणसे खरोखर मारली गेली. परंतु पायऱ्यांवरची ती भरदिवसाची कत्तल दिग्दर्शकाने रचलेली आहे. शेवटी बंडखोर नौका विजयी थाटात पुढे निघते. ती पुढे रुमानियात जाऊन शरण गेली, हे चित्रपट सांगत नाही. अमेरिकेतला १९१५ चा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा त्या काळी तंत्राचा चमत्कार मानला गेला. त्याने काळ्या लोकांना रानटी आणि त्यांची हत्या करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला तारणहार दाखवले. बरखास्त झालेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली, आणि पुढे तिने सभासद जमवण्यासाठी याच चित्रपटाचा वापर केला. खोटा इतिहास पडद्यावर आला की तो केवळ पडद्यावर राहत नाही, याचे हे भयंकर उदाहरण होय.

आपल्या समाजाविषयी विपर्यस्त चित्र रंगवणारे चित्रपट निघतात, तेव्हा आपण दुखावतो. ते स्वाभाविक आहे. त्यांची उलटतपासणी आपण आनंदाने करू. परंतु जो चित्रपट आपला गौरव करतो, त्याचीही उलटतपासणी करायला आपण तयार आहोत काय? खरी परीक्षा तेथे आहे. ‘लायन ऑफ द डेझर्ट’ हा १९८१ चा चित्रपट घ्या. लिबियाचे वयोवृद्ध सेनानी उमर मुख्तार यांनी इटलीच्या फौजांशी वीस वर्षे झुंज दिली आणि १६ सप्टेंबर १९३१ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. पडद्यावर ती भूमिका अँथनी क्वीन यांनी केली. इटलीने आपल्या सैन्याच्या मानाला धक्का लागतो म्हणून या चित्रपटावर बंदी घातली, आणि तेथील दूरचित्रवाणीवर तो २००९ साली दाखवला गेला. त्यात दाखवलेल्या छावण्या खऱ्या होत्या. वाळवंटातली सुमारे एक लाख माणसे तारांच्या कुंपणात कोंडली गेली आणि त्यांतील हजारो तेथेच मेली. हे सत्य इटलीने लपवले, आणि चित्रपटाने ते जगापुढे आणले. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तरीही विचारू या, पैसा कोणाचा होता? तो कर्नल गद्दाफी यांच्या राजवटीचा होता. उमर मुख्तार ज्या सनुसी पंथाच्या नेतृत्वाखाली लढले, त्याचे प्रमुख इद्रिस पुढे लिबियाचे राजे झाले, आणि १९६९ मध्ये गद्दाफींनी त्यांनाच पदच्युत केले होते. मग या चित्रपटात इद्रिस यांच्या वाट्याला किती जागा आली आहे, हे विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून मोजावे. जी राजवट स्वतःच्या विरोधकांना बोलू देत नव्हती, तिला स्वातंत्र्यवीराची कथा का हवी होती, याचाही विचार करावा. असा विचार केल्याने उमर मुख्तार लहान होत नाहीत. उलट त्यांचे मोठेपण कोणाच्या पैशावर अवलंबून नाही, हे कळते.

आणि घराजवळचे उदाहरण हवे असेल तर एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आहे. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झा या जोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कुटुंबाची ही कथा इस्मत चुगताई यांच्या मूळ कथेवरून घेतली आहे. बलराज साहनी यांनी मिर्झांचे काम केले, आणि चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वीच, एप्रिल १९७३ मध्ये, त्यांचे निधन झाले. या चित्रपटामुळे दंगे होतील या भीतीने तो काही महिने अडवला गेला; नंतर त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक मिळाले. राज्यसंस्था एका चित्रपटाकडे वर्षाच्या आत दोन दृष्टींनी कशी पाहते, हाही अभ्यासाचा विषय आहे. मात्र आग्र्याची हकीकत ही कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या घराची हकीकत नव्हे. ती मुलांनी आपल्या आजी-आजोबांना, नाना-नानींना विचारून वहीत उतरवून घ्यावी. तोही इतिहासच आहे, आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

शाळेने काय करावे

हे सर्व आठवी ते दहावीच्या वर्गात होऊ शकते, आणि त्याला फार खर्च येत नाही. पूर्ण चित्रपट दाखवण्याची गरज नसते. निवडलेला दहा-पंधरा मिनिटांचा भाग एका तासिकेत दाखवावा आणि उरलेला वेळ चर्चेला द्यावा. ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’मधील छळाची दृश्ये शाळकरी मुलांना दाखवू नयेत, हरताळाचा, पत्रकार परिषदेचा व शेवटच्या मोर्चाचा भाग त्यांना पुरेसा आहे. टोपल्यांचा प्रसंग दहावीच्या पुढील मुलांसाठी ठेवावा. शिक्षकांनी आधी चित्रपट स्वतः संपूर्ण पाहावा, आणि काय दाखवणार, का दाखवणार हे पालकसभेत सांगावे. पाहण्यापूर्वी नकाशा आणि कालपट फळ्यावर असावा. पाहून झाल्यावर प्रत्येकाने एक पान लिहावे: कोणी काढला, काय खरे, काय रचलेले, काय वगळले, आणि पाहताना माझे मन कोणाकडे झुकले व का. शेवटच्या प्रश्नाला गुण देऊ नयेत, पण त्याचे उत्तर घेतल्याशिवाय वही परत देऊ नये.

पालकांना गुणांची काळजी असते, आणि ती योग्य आहे. परंतु पुरावा तपासणे, दोन बाजू मांडणे, सुसंगत लिहिणे ही कौशल्ये उत्तरपत्रिकेतही उपयोगी पडतात आणि पुढे वकिली, पत्रकारिता, प्रशासन, अध्यापन अशा सर्वच क्षेत्रांत लागतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या मुलांना पुढे रोज कोणीतरी काहीतरी दाखवणार आहे. कधी त्यांना चिथावण्यासाठी, कधी भिववण्यासाठी, कधी त्यांची स्तुती करून आपल्यामागे नेण्यासाठी. अपमान झाला की भडकणे आणि स्तुती झाली की भुलणे, एवढेच ज्याला येते त्याला कोणीही हाकून नेऊ शकतो. जो शांतपणे विचारतो, की हे कोण सांगतो आहे, कशावरून सांगतो आहे आणि काय सांगायचे टाळतो आहे, त्याला हाकता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी ऐतिहासिक चित्रपट पाहाल तेव्हा वही-पेन्सिल जवळ ठेवा. जे दृश्य तुम्हाला सर्वांत अधिक आवडले, त्याच दृश्याविषयी पहिला प्रश्न लिहा. आणि त्याचे उत्तर शोधायला दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात या.